जुन्या कापडातून भिंतीवरची कलाकृती : धावदोऱ्याचे काम कसे करावे

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे एक खेडे आहे. १९४२ साली तिथल्या मिझूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याचे शेतात घालायचे कपडे फाडून त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ते अंगावर घेऊन निजता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. या खेड्यातल्या जुन्या गोधड्यांमध्ये विटलेले गुडघे आणि उसवलेल्या खिशाखाली गडद राहिलेले चौकोन जसेच्या तसे दिसतात, कारण ते झाकण्याची गरज कोणालाच वाटली नाही. २००२ मध्ये याच गोधड्या आधी ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, तेव्हा अमूर्त चित्रकला पाहायला सरावलेले प्रेक्षक त्यांच्यासमोर थबकले.

त्या गोधड्यांवर वेलबुट्टी नाही. कापडाची निवड, तुकड्यांची मांडणी आणि सगळे थर एकत्र धरणारा साधा टाका, म्हणजे धावदोरा, यांतच सारे सांगून झालेले आहे. आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या घरांमध्ये हेच साहित्य आणि हाच टाका पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि म्हणून समकालीन वस्त्रकलेकडे वळणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे मला मनापासून वाटते. पुढे दिलेली पद्धत साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच अशा भिंतीवर टांगायच्या कामासाठी आहे. धावदोरा, उलटी टीप आणि हातशिलाईचे हेम एवढे येत असले, तरी ती पुरी करता येते.

आधी कापड, मग विषय

बहुतेक जण आधी चित्र ठरवतात आणि ते कशावर भरायचे याचा विचार नंतर करतात. असे केले की भरतकाम चित्राची नक्कल होऊन बसते. रंगाने जे सहज झाले असते तेच धाग्याने कष्टाने केलेले दिसते आणि पाहणारा फक्त मेहनतीचे कौतुक करून पुढे जातो. म्हणून उलट्या दिशेने जावे. घरात कोणते कापड आहे, ते कोणी वापरले, कुठे झिजले, कुठे रफू झाले, ते कुठे विणले गेले, हे आधी पाहावे आणि त्यातून विषय काढावा.

हे नीट समजावे म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. मुंबईतल्या गिरणगावात राहिलेल्या अनेक कुटुंबांत गिरणीत विणलेली धोतरे, चादरी, मांजरपाटाचे तुकडे अजून सापडतात; काहींच्या काठावर गिरणीचा शिक्काही असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. अशा घरातल्या व्यक्तीने याच धोतरावर त्या भागाचा नकाशा टाक्यांनी काढायचे ठरवले, तर कापड आणि विषय वेगळे उरत नाहीत. ज्या गिरणीने ते सूत विणले, तिची जागा त्याच सुतावर उमटते. हाच नकाशा बाजारातून आणलेल्या नव्या लिननवर काढला, तर तो देखणा होईल, पण त्यातला निम्मा अर्थ गळून पडेल.

लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिचे आईवडील जुन्या भिंतपडद्यांची दुरुस्ती करण्याचा व्यवसाय करीत. वयाच्या नव्वदीत, २००२ साली, तिने कापडाची पाने शिवून एक काम केले, आणि ती पाने म्हणजे तिच्या १९३८ सालच्या लग्नातले, स्वतःची आद्याक्षरे भरलेले हात पुसायचे रुमाल होते. तिने साठ वर्षांहून अधिक काळ ते रुमाल सांभाळले होते. कापड निवडताना हीच कसोटी लावावी. हे कापड बदलून दुसरे घेतले तर काम बदलेल का? बदलणार नसेल, तर योग्य कापड अजून हाती लागलेले नाही.

कापड पारखणे आणि धुणे

जुने सुती लुगडे किंवा धोतर या कामाला सर्वांत चांगले, कारण अनेक धुण्यांत त्याची खळ निघालेली असते, आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि सुई त्यातून विनासायास जाते. नवे मांजरपाट वापरायचे असल्यास ते गरम पाण्यात भिजवून, चोळून, दोनदा धुवावे. नाहीतर पुढे कधी काम ओलसर झाले की मागचा थर आटतो, पुढचा तसाच राहतो आणि सगळीकडे फुगवटे येतात. कृत्रिम धाग्याच्या साड्या पहिल्या कामात टाळाव्यात, कारण त्यांना घडी धरत नाही आणि त्या सुती थरावरून सतत सरकतात.

रेशमी साडीबाबत सावध राहावे. जुने रेशीम वरून धड दिसते, पण घडीवर चिरलेले असते आणि एकेका टाक्यासरशी ती चीर वाढत जाते. असे रेशीम वापरायचेच असेल, तर त्याच्या मागे धुतलेल्या मलमलीचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र धरावेत आणि टाके दूर दूर घालावेत. कापडाचा जोर पाहण्यासाठी ते दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून आधी ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) आणि मग बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने हलकेच ओढावे. बारीक तडतड ऐकू आली तर त्या भागाला आधार लागणार हे नक्की.

रंग पक्का आहे की नाही, ही परीक्षा कधीही चुकवू नये. पांढऱ्या कापडाचा ओला बोळा प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर काही मिनिटे दाबून ठेवावा, आणि लाल, काळा व निळा या रंगांसाठी तो ओला असतानाच वरून गरम इस्त्री फिरवून पाहावी. बोळ्यावर रंग उतरला, तर ते कापड फिकट रंगाशेजारी लावू नये. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगितले जाते. आजच्या कारखानी रंगांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. धाग्याचीही अशीच परीक्षा घ्यावी, विशेषतः लाल धाग्याची.

धुऊन झाल्यावर डाग काढण्याच्या मागे लागू नये. हळदीचा, घामाचा, गंजाचा डाग हा कामाचा भाग होऊ शकतो. मात्र बुरशीचे काळे ठिपके आणि तेलकट मळ तसाच ठेवू नये, कारण ते पुढेही कापड खात राहतात.

धागा, सुई आणि इतर सामान

भरतकामाच्या सुती धाग्याची नेहमीची लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते. धावदोऱ्यासाठी तिचे दोन किंवा तीन पदर एकत्र घ्यावेत. दोन पदरांनी रेषा बारीक आणि शांत दिसते, तीन पदरांनी टाका कापडावर उठून येतो. पदर वेगळे करताना ते एकेक करून उपसावेत आणि मग पुन्हा एकत्र जुळवावेत, म्हणजे पीळ सुटतो आणि टाका भरीव पडतो. सुईत ओवलेला धागा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा. त्याहून लांब धागा प्रत्येक वेळी कापडातून घासला जाऊन शेवटी केसाळ होतो.

शिलाई यंत्राचा पॉलिएस्टर दोरा इथे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो जुन्या सुती कापडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे ताण आल्यावर धागा तुटण्याऐवजी कापड कापले जाते. तुटलेला धागा पुन्हा घालता येतो, पण फाटलेले जुने कापड पूर्ववत होत नाही. वस्त्रांचे जतन करणारे तज्ज्ञही दुरुस्तीचा धागा मूळ कापडापेक्षा नरमच निवडतात.

भरतकामाच्या सुयांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. तीन थरांतून दोन-तीन पदर न्यायला ७ किंवा ८ क्रमांकाची सुई पुरते. मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावावी. लाकडी गोल फ्रेम धावदोऱ्याला लागत नाही. कापड मांडीवर सैल असले की एकाच हालचालीत तीन-चार टाके सुईवर घेता येतात आणि हाताची लय टाक्यात उतरते. दाट भरीव टाक्यांचा भाग असेल तिथेच फ्रेम लावावी आणि उठताना ती काढून ठेवावी, कारण रात्रभर राहिलेल्या फ्रेमचा वण जुन्या कापडावरून सहज जात नाही.

थर लावणे

वरचे कापड, मधला थर आणि अस्तर असे तीन थर घ्यावेत. मधल्या थराला विरलेली सुती साडी उत्तम. अस्तर आणि मधला थर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठे असावेत, आणि तिन्हींचा ताणा उभ्या दिशेने यावा. एखादा थर उरेब, म्हणजे तिरका, लागला तर टांगल्यावर तो आपल्या वजनाने खाली ओघळतो आणि काही महिन्यांत खालची कड वाकडी दिसू लागते.

घरात फरशीवर अस्तर पसरून त्याच्या कडा कागदी चिकटपट्टीने जमिनीला धराव्यात, वर बाकीचे थर हाताने मधून कडेकडे सपाट करीत अंथरावेत आणि मग कच्चे टाके घालावेत. पहिली ओळ मध्यातून उभी, दुसरी मध्यातून आडवी, आणि नंतर दर १० ते १२ सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या ओळी. कच्च्या टाक्यासाठी कामात नसलेल्या रंगाचा, पण फिकट धागा घ्यावा. गडद धाग्याचा रंग टाका काढल्यावरही भोकांत उरतो.

किती आटेल, किती वेळ लागेल

धावदोरा घातला की कापड आटते, आणि किती आटते हे टाक्याच्या दाटीवर व हाताच्या ओढीवर अवलंबून असते. म्हणून याच तीन थरांचा २० सेंटिमीटरचा चौकोन कापून तो आपल्याला हव्या त्या दाटीने भरून पाहावा आणि मग पट्टीने मोजावा. तो १९ सेंटिमीटर भरला, तर ९० सेंटिमीटर रुंदीसाठी साधारण ९५ सेंटिमीटर कापड घ्यावे लागेल. याच तुकड्यावर वेळेचाही अंदाज घ्यावा. ९० बाय १२० च्या कामात १० सेंटिमीटरचे १०८ चौकोन बसतात. एका चौकोनाला पाऊण तास लागत असेल, तर काम ८१ तासांचे आहे. हा हिशेब आधी केला म्हणजे कुठे दाट भरायचे आणि कुठे कापड उघडे ठेवायचे याचा निर्णय थकव्यामुळे घ्यावा लागत नाही, तो विचारपूर्वक घेता येतो. हा नमुना जपून ठेवावा, पुढे दुरुस्तीच्या वेळी तो कामी येतो.

आराखडा उमटवणे

कार्बन कागद वापरू नये, त्यातला मेणकट रंग धाग्याला लागतो. इस्त्रीने पुसली जाणारी शाई सोयीची वाटते, पण थंडीत ती रेघ पुन्हा उमटू शकते आणि तिचे रसायन कापडात राहते. फिकट कापडावर शिंप्याचा खडू पुरेसा आहे. गडद कापडासाठी कारागिरांची खाक्याची पद्धत घ्यावी. ट्रेसिंग कागदावर रेषा काढून सुईने जवळजवळ भोके पाडावीत, कागद कापडावर टाचून खडूची पूड बोळ्याने त्यावरून फिरवावी आणि उमटलेले ठिपके लगेच कच्च्या टाक्याने जोडून घ्यावेत.

आराखड्यात सगळे काही ठरवून ठेवू नये. मुख्य रेषा आणि मोठे भाग तेवढे उमटवावेत. गिरणगावच्या नकाशात रेल्वेमार्ग, मुख्य रस्ते आणि गिरण्यांच्या आवारांच्या सीमा एवढे खडूने आले की पुरे. चाळी आणि गल्ल्या टाक्यानेच शोधत जाव्यात.

टाका : खरे काम इथे आहे

धावदोऱ्यात तीनच गोष्टी आपल्या हाती असतात. टाक्याची लांबी, दोन टाक्यांमधले अंतर आणि शेजारच्या ओळीशी असलेले नाते. या तिन्हींमधून किती वेगवेगळे परिणाम साधतात, हे एकदा नमुन्यावर करून पाहिल्याशिवाय पटत नाही. शेजारशेजारच्या ओळींमध्ये टाक्यासमोर टाका आणि अंतरासमोर अंतर ठेवले, तर ओळींना काटकोनात जाणाऱ्या उंच-सखल लाटा उठतात. तेच टाके विटांच्या बांधणीसारखे एकाआड एक ठेवले, तर लाटा मोडतात आणि पृष्ठभागावर एकसारखा बारीक कणीदार पोत येतो. बंगालच्या कांथामध्ये, म्हणजे तिथल्या धावदोऱ्याने भरलेल्या गोधड्यांमध्ये, या गुणाचा विलक्षण वापर आहे. तिथे आकृतीभोवतीची रिकामी जागाही पांढऱ्या टाक्यांनी इतकी भरलेली असते की आकृती स्थिर आणि भोवतालची जागा वाहती भासते. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातल्या कांथा पाहण्याची संधी मिळाली, तर रंगीत आकृत्यांपेक्षा या पांढऱ्या जागांकडे अधिक वेळ पाहावे.

दाटीचा फरक हे या कलेतले सर्वांत बोलके साधन आहे, असे माझे मत आहे. दाट भरलेला भाग आटतो, घट्ट होतो आणि खाली बसतो. शेजारचा न भरलेला भाग आपोआप फुगून वर येतो. म्हणजे कापडात कापूस न भरता, फक्त टाक्यांच्या दाटीने उठाव तयार होतो. आपल्या नकाशात चाळींचा भाग अगदी दाट टाक्यांनी भरला आणि गिरण्यांची आवारे एकही टाका न घालता सोडली, तर बंद गिरण्यांच्या जागा फुगलेल्या, रित्या आणि सैल दिसतील. तिथे काही लिहिण्याची किंवा काळा रंग भरण्याची गरज उरणार नाही. हीच गोष्ट भरीव टाक्याने गिरणीची इमारत आणि धुराडे हुबेहूब काढून सांगता येत नाही. टाका जे स्वतःच्या गुणाने करू शकतो, ते त्याला करू द्यावे.

सुरुवात कोठून करावी हाही विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया आपल्या गोधड्या कडेपासून सुरू करून आयताकृती वळसे घेत मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावतात आणि त्यांच्याशिवाय गोधडी पूर्ण मानत नाहीत. महाराष्ट्रातही अनेक घरांत कडेकडून आत येण्याचीच रीत आहे. या पद्धतीत आतले सैल कापड मध्याकडे ढकलले जाते आणि मध्य फुगतो. पांघरायला तो फुगवटा ऊबदार असतो. भिंतीवरच्या कामात तो हवा असेल तर कडेपासून यावे, सपाट पृष्ठभाग हवा असेल तर मध्यापासून बाहेर जावे. गिरणगावच्या नकाशात मी रेल्वेमार्गापासून दोन्ही बाजूंना जाईन, कारण ती रेषा सरळ राहिली तरच बाकीच्या वेड्यावाकड्या गल्ल्या वाचता येतील.

गाठ अशी लपवावी. धाग्याच्या टोकाला एकच छोटी गाठ मारावी, पहिल्या टाक्याच्या जागेपासून दोन सेंटिमीटरवर सुई फक्त वरच्या थरात घालून योग्य जागी बाहेर काढावी आणि हलका झटका द्यावा; गाठ वरच्या थरातून आत शिरते आणि मधल्या थरात अडकते. धागा संपवतानाही अशीच गाठ आत ओढावी. विरलेल्या कापडात मात्र झटका देऊ नये. तिथे गाठीऐवजी एकाच जागी दोन बारीक टाके घ्यावेत.

प्रत्येक ओळ संपल्यावर बोटाच्या चिमटीत ती ओळ धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी करावी, म्हणजे ओढ सगळीकडे वाटली जाते. धागा इतकाच ओढावा की टाका कापडावर टेकेल. राग, घाई, झोप हे सगळे ओढीत उतरते, आणि वेगवेगळ्या दिवसांचे काम शेजारी ठेवले की ते स्पष्ट दिसते. माझ्या मते हा फरक काढून टाकण्याचे कारण नाही, फक्त कापड चुरगळेल इतका तो वाढू नये.

इतर टाके मोजकेच घ्यावेत. अक्षरांना उलटी टीप, ठसठशीत रेषेला साखळी टाका, आणि अगदी थोड्या ठिकाणी गाठीचा टाका. पाच-सहा प्रकारचे टाके एकत्र आले की काम टाक्यांच्या नमुनापुस्तकासारखे दिसू लागते.

ठिगळ

ठिगळ लावताना कड आत दुमडावी की उघडी ठेवावी, यावर अर्थ अवलंबून आहे. दुमडलेली कड शांत आणि टिकाऊ असते. उघड्या कडेचे दशी सुटलेले सूत हवेत हलते आणि जखम ताजी वाटते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीमध्ये, ज्यांची माणसे सरकारने नाहीशी केली अशा स्त्रिया चर्चच्या आश्रयाने एकत्र येऊन गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून चित्रे करीत. त्यांपैकी काहींमध्ये हरवलेल्या माणसांचेच कपडे होते. ती चित्रे पाहताना तुकड्यांभोवतीचे मोठे, उघड टाके लगेच नजरेत भरतात, आणि त्या कामांची सारी ताकद त्या न लपवलेल्या शिवणीत आहे. उघडी कड ठेवायची असल्यास कडेपासून ४ मिलिमीटर आत दाट धावदोऱ्याची एक ओळ घालावी, म्हणजे दशा तेवढ्याच राहतात.

मागची बाजू

धारवाडकडच्या कसुती भरतकामात गाठ मारत नाहीत आणि तिचे काही टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. ती शिस्त प्रत्येक कामाला लागू करायची गरज नाही, पण मागची बाजू कशी असेल हे सुरुवातीलाच ठरवावे. धावदोऱ्यात मागेही तोच नकाशा उलटा उमटतो. तो दाखवायचा असेल तर काम भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्ये टांगता येते, आणि मग अस्तराचे कापडही वरच्या कापडाइतक्याच विचाराने निवडावे लागते.

दुसऱ्यांचे हात

मोठे काम एकट्याने होत नाही आणि मदत घेण्यात काहीच गैर नाही. मात्र टाके कोणाचे आहेत, हे कामाच्या पाटीवर आलेच पाहिजे. इटलीच्या अलीघिएरो बोएत्ती या कलावंताने १९७१ पासून अफगाण स्त्रियांकडून जगाचे भरतकामातले नकाशे करून घेतले. काही नकाशांत समुद्राचा रंग कोणता असावा हे त्या स्त्रियांनीच ठरवले, आणि तो गुलाबीही झाला. ते नकाशे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, पण ते भरणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे पाटीवर नाहीत. याउलट जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात जूडी शिकागो हिच्या रचनांवरून भरलेले मोठे पडदे लागले, तेव्हा ते मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या स्त्रियांनी भरले असल्याचे जाहीरपणे सांगितले गेले. आपल्या कामातही प्रत्येकीचे नाव, तिची संमती घेऊन, लिहावे. मोबदला नगावर न देता तासावर द्यावा. नगाचा दर घाई करायला लावतो आणि ती घाई टाक्यात उतरते.

कडा, सही आणि पाटी

काम भरून झाल्यावर कच्चे टाके काढावेत. रंग पक्के असल्याची खात्री असेल, तर मागून पाण्याचा हलका फवारा मारून काम सपाट फळीवर गंज न लागणाऱ्या टाचण्यांनी चौकोनात ताणून वाळू द्यावे. उठाव हवा असेल तर इस्त्री मुळीच फिरवू नये. नंतर अस्तराची वाढीव कड पुढे दुमडून हेम घालावे, किंवा मूळ धोतराचा काठच कड म्हणून राहू द्यावा. गिरणीचा शिक्का असलेला काठ तर कापूच नये.

सही आणि वर्ष टाक्यांनीच, खालच्या कोपऱ्यात किंवा मागे घालावे. पाटीवर आधी उंची, मग रुंदी, साहित्य आणि पद्धत नेमकेपणाने लिहावी. उदाहरणार्थ : ‘गिरणीत विणलेले जुने सुती धोतर, सुती साडी, मांजरपाट, सुती धागा, हाताने घातलेला धावदोरा, १२० × ९० सेंमी.’ ‘मिश्र माध्यम’ असे लिहून मोकळे होऊ नये. छायाचित्र काढताना उजेड एका बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर पडू द्यावा. समोरून पडलेल्या उजेडात टाक्यांचा सगळा उठाव मरतो, आणि प्रदर्शनासाठी निवड करणारे लोक बहुतेकदा छायाचित्रच आधी पाहतात.

टांगणे

खिळे, आयलेट किंवा चिमटे लावून काम टांगू नये, कारण सगळे वजन दोन-चार बिंदूंवर येते आणि तिथे कापड फाटते. धुतलेल्या मांजरपाटाची १० सेंटिमीटर रुंद नळी मागच्या वरच्या कडेला, दोन्ही टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटर आत, हाताने शिवावी. टाके अस्तर आणि मधला थर एवढ्यांतूनच जावेत. नळीत चपटी लाकडी पट्टी घालावी. कच्च्या लाकडातून आम्ल सुटते, म्हणून पट्टीला वॉर्निश लावून ते पूर्ण सुकल्यावर तिच्यावर सुती कापड गुंडाळावे.

काम भिंतीपासून दोन सेंटिमीटर दूर राहील अशी व्यवस्था करावी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कापडाचे काम लावूच नये. थेट ऊन तर कधीच नको. संग्रहालये कापडासाठी साधारण ५० लक्स इतका मंद उजेड ठेवतात; घरात तेवढे काटेकोर राहणे कठीण असले, तरी खिडकीसमोरची भिंत टाळता येते आणि काही महिने लावून काही महिने काम उतरवून ठेवता येते. काचेत बसवायचे असेल, तर चौकटवाल्याला काच आणि कापड यांच्यामध्ये पट्टी घालून अंतर ठेवायला सांगावे आणि काम पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवू देऊ नये. ते कापड लावलेल्या फळीवर टाक्यांनी बसवावे. ॲक्रिलिकच्या काचेत स्थिर वीज असते, ती सुटे सूत आणि दशा ओढून घेते, त्यामुळे उघड्या कडांच्या कामाला ती टाळलेली बरी.

ठेवणे

घडी घालून काम कपाटात ठेवले की वर्षभरात घडीच्या रेषेवर धागे कमजोर होतात. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेली मलमल गुंडाळावी आणि तिच्यावर काम टाक्यांची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे. ही बाजू आत राहिली तर टाके दबतात आणि पृष्ठभागाला चुण्या पडतात. वरून पुन्हा मलमल, आणि रुंद सुती नाडीने सैल बांधावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते कायमचे ठेवू नये, कारण आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी येते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. कसर किंवा किडीची शंका आली, तर काम प्लास्टिकमध्ये हवाबंद करून, उणे २० अंश तापमानाच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर बाहेरचे बाष्प कापडावर जमते.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, काम एकदा पूर्ण उलगडून सावलीत पसरावे. मऊ ब्रशने धूळ झटकावी, सुटलेले टाके पाहावेत आणि त्याच लडीतला राखून ठेवलेला धागा घेऊन ते घालावेत. यासाठी प्रत्येक रंगाच्या धाग्याचा दोन-तीन मीटरचा तुकडा, वरच्या कापडाची एक कातरण आणि सुरुवातीला केलेला २० सेंटिमीटरचा नमुना एका कापडी पिशवीत घालून, धाग्यांचे क्रमांक लिहिलेल्या कागदासह, नळीच्या आत ठेवावा. काम दुसऱ्याकडे गेले तर ही पिशवीही त्याच्याबरोबर द्यावी.